सातबाऱ्यावर आधी तुमचं नाव येऊ द्या

मराठवाड्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते :

‘ताई, आमची ४ एकर कोरडवाहू जमीन आहे. वरची बाजू मुरमाड आणि उताराची, खाली काळी. सोयाबीन आणि तूर घेतो. खालच्या टोकाला विहीर आहे, पण संक्रांत झाली की तळ दिसतो. दोन वर्षांपूर्वी हे गेले. घरात सासूबाई, ११ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. जमीन अजून यांच्याच नावावर आहे. दर पावसाळ्यात वरची माती वाहून जाते. कुणी म्हणतं शेततळं घे, कुणी म्हणतं ठिबक कर. तालुक्याला एक माणूस ८ हजार रुपयांत शेततळं मंजूर करून देतो म्हणाला. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, आधी नवऱ्याचं १ लाख १० हजारांचं पीककर्ज भरा, मग बोलू. सरकारच्या एवढ्या योजना आहेत म्हणतात. त्या शोधायच्या कुठे? कर्ज काढू की अनुदानाची वाट बघू?’

ताई, तुमचं पत्र वाचताना एका वाक्यापाशी थांबले. ‘जमीन अजून यांच्याच नावावर आहे.’ तुम्ही ते मधेच लिहून पुढे गेलात. मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात बरीच वर्षं काढली. योजनेत न बसल्यामुळे परत गेलेल्या बायका मला फारशा आठवत नाहीत, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून परत गेलेल्या कितीतरी आठवतात. योजना कुठे शोधायची ते पुढे सांगतेच. पण आज तुम्ही कुठल्याही दारात गेलात तरी पहिला प्रश्न येणार, खातेदार कोण?

म्हणून पहिलं काम वारस नोंदीचं. मृत्यूचा दाखला घ्या, वारसांची नावं आणि नाती लिहिलेला अर्ज करा आणि तो गावच्या तलाठ्याकडे द्या. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याच कामासाठी, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. जमीन तुमच्या पतीच्या एकट्याच्या नावावर असेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे चौघे वारस होता. दीर किंवा इतर कुणी त्यात येत नाही. ‘आधी आमची सही घ्या’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. जमीन वडिलोपार्जित सामाईक असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घ्यावं लागेल. तो सातबारा हातात घेऊन एकदा नीट वाचा. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, लिहिलेला असेल, तोही बघून ठेवा.

मुलं अज्ञान आहेत, त्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणून तुमचं नाव लागेल, म्हणजे अज्ञान पालक कर्ता. या तीन अक्षरांचा परिणाम कर्जावर होतो, म्हणून आताच सांगते. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन तारण द्यायची असेल तर पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. मोठं मुदत कर्ज मागायला गेलात की बँकेचा वकील इथेच बोट ठेवेल. त्यात त्याचा दुष्टपणा नाही, कायदा मुलांच्या बाजूने आहे. पण म्हणूनच पहिली काही वर्षं जमीन तारण द्यावी लागणार नाही अशाच कर्जावर भागवायचं, हे मनाशी पक्कं करा. तशी सोय आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

नाव लागलं की लगेच शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. ज्याला सगळे ‘फार्मर आयडी’ म्हणतात तोच. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा आहे, आणि तो सातबाऱ्यावरच्या नावाशी जोडलेला असतो. आधारला जोडलेलं बँक खातं सुरू आहे ना, हेही बघा, कारण सगळी अनुदानं तिथेच जमा होतात. नाव लागल्यावर पीएम किसानसाठीही अर्ज करा. त्या योजनेला १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीच्या जमीनधारणेची अट आहे, पण खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला ती लागू होत नाही. केंद्राचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार, असा तो वर्षाचा आधार आहे.

आता शेताकडे येऊ. शेततळं की ठिबक, हा प्रश्न तुम्हाला लोकांनी घातलेला आहे. तुमच्या पत्रात शेताचं दुखणं वेगळंच लिहिलंय : वरची माती वाहते आणि खालची विहीर लवकर आटते. ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. वर पडलेलं पाणी थांबत नाही, ते माती घेऊन धावतं, जमिनीत मुरत नाही, आणि म्हणून विहिरीपर्यंत पोचत नाही. अशा शेतात ठिबक बसवलं तर संक्रांतीनंतर नळ्यांतून काय सोडणार? आणि मुरमाड जागेत शेततळं खोदलं तर पाणी पाझरून जातं. ते टिकवायला प्लास्टिकचं अस्तर लागतं, आणि अस्तर घातलं की ते तळं विहिरीला काही देत नाही. वैयक्तिक शेततळ्याला ७५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं हे खरं. पण बोअरचं पाणी उपसून भरलेली शेततळी मी इतकी पाहिली आहेत की त्या योजनेचं नाव काढलं की मला आधी विचारावंसं वाटतं, हे तळं पावसाच्या पाण्याने भरणार आहे का? जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, याला मी जलसंधारण म्हणणार नाही.

पाण्याचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तेच केलं. आधी डोंगराच्या उतारावर चर आणि बांध, झाडं तोडायला आणि चराईला बंदी, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असा गावाचा नियम. तुमचं शेत त्या मानाने लहान आहे, पण उतार तसाच वागतो.

यातलं पहिलं काम फुकटात होतं. यंदाची पेरणी उताराला आडवी करा. ट्रॅक्टरवाला लांब ओळ सोयीची म्हणून उताराच्या दिशेने चालवायला बघेल, त्याला बांधावर उभं राहून सांगावं लागेल. सोयाबीनला रुंद सरी-वरंबा पद्धत, म्हणजे आपल्याकडे बीबीएफ म्हणतात ती, परभणीचं कृषी विद्यापीठ कितीतरी वर्षांपासून सांगत आलं आहे. ते यंत्र मिळालं नाही तर निदान ठरावीक ओळींनंतर मृतसरी, म्हणजे पाणी मुरायला मोकळी सोडलेली सरी, काढा.

बांधबंदिस्ती, चर, नाल्यावरचे बांध ही कामं मात्र एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाने क्वचितच होतात. ती गावाच्या आराखड्यातून येतात. जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. तो गावनिहाय आहे. आराखड्यात तुमचा गट क्रमांक असेल तर काम होईल, नसेल तर शेजारच्या शेतात यंत्र येऊन परत जाईल. म्हणून ग्रामसभेला जा. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या आसपास तयार व्हायला लागतो. त्याआधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, गट क्रमांक आणि उतार लिहून, आणि पोच घ्या. तुमच्या वरच्या अंगाला ज्यांचं शेत आहे त्यांनाही सोबत घ्या. पाणी त्यांच्याकडून येतं. त्यांचा बांध फुटका असेल तर तुमचा टिकणार नाही.

तुमच्या मुरमाड भागासाठी मला सगळ्यात आवडणारी योजना फारशी कुणी सांगत नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. जवळच्या तलावातला गाळ उन्हाळ्यात काढतात. अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना तो शेतात नेऊन पसरण्यासाठी एकरी १५ हजार रुपये मिळतात, अडीच एकरांच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त ३७ हजार ५००. तुमची ४ एकर म्हणजे १.६ हेक्टर, तेव्हा तुम्ही अल्पभूधारकात बसता. वाहून गेलेली माती शेतात परत आणण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. फक्त आडवे बांध झाल्यावरच गाळ टाका, नाहीतर तोही पुढच्या पावसाळ्यात निघून जाईल. गाळ काढण्याचा यंदाचा हंगाम संपत आला. पुढच्या उन्हाळ्यासाठी ग्रामपंचायतीत आणि मृद व जलसंधारण विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात आताच विचारून ठेवा.

वरच्या एका एकरात सीताफळाचा विचार करा. मुरमाड जागेत ते तग धरतं आणि झाडाच्या मुळांनी माती धरली जाते. फळबाग रोजगार हमीशी १९९० मध्ये जोडली गेली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या माळांवर पुष्कळ झाडं उभी राहिली. जॉबकार्ड नसेल तर ग्रामपंचायतीतून काढून घ्या आणि ग्रामरोजगार सेवकाला सध्याचे नियम विचारा. तिथे बसत नसाल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. मराठवाड्यात २० गुंठ्यांपासून पुढे क्षेत्र लागतं आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, तेही झाडं जगली तरच. दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत दिसावी लागतात. पहिले दोन उन्हाळे झाडाला हाताने पाणी घालायची तयारी आहे का, याचा विचार करूनच हो म्हणा.

या योजना सापडतात कुठे, हा तुमचा मूळ प्रश्न. कृषी विभागाच्या बहुतेक वैयक्तिक योजना महाडीबीटी पोर्टलवर एकाच अर्जात आहेत. त्याआधी एक गोष्ट विचारून घ्या, आपलं गाव पोकरात आहे का? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला सगळे पोकरा म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये तो सुरू झाला आणि दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत. मराठवाड्यातले सगळे जिल्हे त्यात येतात, पण प्रत्येक गाव नाही. गाव यादीत असेल तर त्यांचा अर्ज वेगळा असतो. गावच्या कृषी सहायकांना, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना, हा एक प्रश्न विचारलात तरी निम्मी वणवण वाचेल. घरबसल्या विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलतात. तुम्ही अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध असाल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आणि अनुसूचित जमातीच्या असाल तर बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, यांत विहिरीच्या कामांना वेगळी मदत आहे. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत म्हणून सांगून ठेवते.

त्या ८ हजारवाल्याला एक पैसाही देऊ नका. महाडीबीटीवर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. आधी सोडत निघायची, आता ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य’ असं धोरण आहे. म्हणजे अर्जाची तारीख महत्त्वाची, ओळख नाही. तुमचा ओटीपी त्याला सांगितलात तर अर्जही त्याच्याच मोबाइलवरून चालेल आणि निरोपही त्यालाच जातील.

आणि कधीही, कुठल्याही योजनेत, पूर्वसंमती हातात यायच्या आत खरेदी करू नका. एका शेतकऱ्याने दुकानदाराच्या शब्दावर ठिबकचा सगळा संच उधारीवर आणला, बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली आणि अनुदान गेलं. जागेवरच्या तपासणीला मीच होते. संच चांगला होता, जोडणी चांगली होती आणि मला काहीही करता आलं नाही. तो माणूस डोळ्यांसमोरून जात नाही.

ठिबक करायचंच नाही असं मी म्हणत नाही. विहिरीचं पाणी होळीपर्यंत टिकायला लागलं की करा. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राचे ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ टक्के मिळून ८० टक्के अनुदान आहे. पण ते सरकारने ठरवलेल्या मापदंडावर, दुकानातल्या भावावर नाही. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का, तेही वारस नोंदीच्या वेळीच बघून घ्या.

आता कर्ज. जे काम अनुदानातून होतं त्यासाठी मोठं कर्ज काढू नका. पण अनुदान काम झाल्यावर येतं, आधी पैसा आपण घालायचा असतो, आणि गरीब शेतकरी इथेच सावकाराच्या दारात जातो. हा मधला काळ भरून काढण्यापुरतं कर्ज योग्यच आहे. उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात असाल तर ते पहिलं दार. नसाल तर या महिन्यात सामील व्हा.

बँकेकडे पुन्हा जाल तेव्हा पतीच्या कर्जाचा खातेउतारा लेखी मागा, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेला. वारसावर मयताच्या कर्जाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तुमच्या स्वतःच्या कमाईवर नाही. हे माहीत असलं की बोलताना आवाज वेगळा लागतो. तरीही जमिनीवर बोजा आहे, तेव्हा ते मिटवावं लागेलच. वारसांच्या नावे हप्ते बांधून मिळतील का, असा लेखी अर्ज द्या.

आणि ताई, त्याआधी एक करा. तुमच्या पतीचं जुनं पासबुक काढा. त्यात वर्षातून एकदा, बहुतेक मे-जूनमध्ये, ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर त्यांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा होता, आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला असला तरी त्याची भरपाई २ लाख असते. २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूचा. नोंद सापडली तर दुसऱ्या दिवशी बँकेत जा आणि दाव्याचा अर्ज मागा. दोन वर्षं झाली, उशीर झाला असं ते म्हणतील. उत्तर लेखी द्या म्हणावं. त्या पैशात थकलेलं कर्ज मिटून वर काही उरू शकतं.

कर्ज मार्गी लागलं आणि नाव लागलं की तुमच्या स्वतःच्या नावाने किसान क्रेडिट कार्ड मागा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलांच्या वाट्याची अडचण इथे येत नाही, ती याचमुळे. पीककर्जाचा मूळ दर ७ टक्के. मुदतीत भरलं तर केंद्र ३ टक्के सोडतं, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उरलेल्याचा भार उचलतं. त्यामुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. तारीख एक दिवस चुकली तरी ही सवलत जाते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्या. कर्जमाफी येईल म्हणून थांबणाऱ्यांचं ऐकू नका. थकलेल्या खात्यावर पुढचं कर्ज मिळत नाही आणि ऐन पेरणीत सावकार गाठावा लागतो.

शाखेत नुसतं तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. अर्जावर पोच घ्या, नकार लेखी मागा. तरीही हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे तक्रार करा. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे फुकट तक्रार करता येते.

यंदा वारस नोंद, पासबुक आणि आडवी पेरणी, एवढं झालं तरी मी खूप म्हणेन. शेताच्या आराखड्यासाठी मात्र एक काम याच महिनाभरात करून ठेवा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की तो ओसरायच्या आत, कमरेला पदर खोचून, वीसेक तुराट्या घेऊन वरच्या बांधावर जा. पाणी कुठून शेतात शिरतं, कुठे वेग घेतं, कुठून बाहेर पडतं, तिथे तिथे एकेक तुराटी रोवा आणि मोबाइलवर फोटो काढा. सासूबाईंना बरोबर न्या. ओढा पूर्वी कुठून वाहायचा ते त्यांना ठाऊक असेल. तेच फोटो ग्रामसभेच्या अर्जाला जोडा.